काकूंचा खरा नंबर

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे आणि फोटोचीही नव्हे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना तुमच्या नाकावर जी जड, गोल, बिनकाचेची वस्तू ठेवतात ना, ती मी. मला घातलं की भलाभला माणूस घुबडासारखा दिसतो. लहान मुलं मला बघून खिदळायची आणि मोठी माणसं आरशाकडे पाठ करून बसायची. मित्रांनो, तुम्हीही हसा खुशाल. पण हसून झालं की थोडं ऐका.

एका कारागिराने मला मोठ्या निगुतीने घडवलं. माझ्या दोन्ही वर्तुळांच्या कडेने त्याने बारीक रेघा कोरल्या. नाक उंच असो की बसकं, मी नीट टेकावी म्हणून एक स्क्रू दिला. कानामागच्या काड्या लांब-आखूड करायची सोय केली. मग भिंगांच्या एका लाकडी पेटीबरोबर माझी पाठवणी झाली, ती थेट एका अरुंद दुकानात.

दुकान नवरा-बायकोचं होतं. मालक पुढे बसून नंबर काढायचे. ते डॉक्टर नव्हते, तरी सगळी गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. मागच्या खोलीत काकू बसायच्या. फिरत्या चाकावर काच घासून ती चष्म्यात चपखल बसवणं हे त्यांचं काम. हात इतका हलका, की काचेला कधी टवका म्हणून उडायचा नाही.

दुकानाच्या एका टोकाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. समोर खुर्ची. खुर्चीचे पुढचे पाय कुठे टेकायला हवेत, तिथे जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली होती. गिऱ्हाईक बसलं की मालक मला त्याच्या नाकावर ठेवायचे, माझ्या खोबणीत एकेक भिंग सरकवायचे आणि विचारायचे, "आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?" दिवसभर हाच प्रश्न. पण तक्त्यावरची अक्षरं फुलासारखी उमलली की माणूस जो श्वास सोडतो, तो ऐकण्यासारखा असतो. त्या श्वासासाठीच मी घडले, असं मला वाटायचं.

काकूंना वाचनाचं वेड होतं. चाक थांबलं की पुस्तक उघडायचं. मालकांचं मात्र उलट. जन्मभर लोकांना वाचायचे चष्मे विकले, पण स्वतः वर्तमानपत्रापलीकडे गेले नाहीत. एकदा छत्री घेतलेले एक गृहस्थ आले. चष्म्याची काडी लोंबत होती. मालकांनी ती बसवून दिली, दोघं मिळून उकाड्याला नावं ठेवत बसले आणि गृहस्थ निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो. नावाजलेले कवी निघाले!

"अहो, मी आत होते ना हो!" काकू अक्षरशः रडकुंडीला आल्या. "चार पावलांवर होते मी. त्यांच्या कविता मला तोंडपाठ आहेत आणि तुम्ही त्यांच्याशी उकाड्यावर बोललात?"

"मग काय बोलायचं होतं? कपाळावर लिहिलेलं होतं का त्यांच्या?"

"पुन्हा असं कोणी आलं तर मला हाक मारायची. वचन द्या."

मालकांनी हसत हसत वचन दिलं.

पुढे बरीच वर्षं गेली आणि काकूंच्या हातून काचांना टवके उडू लागले. पहिल्यांदा त्या चाकाला दोष द्यायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "अहो, आपल्या दाराची चौकट मला वाकडी का दिसतेय?" मालकांचा चेहरा उतरला. असं बोलणारी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती, आणि त्यांना ते मोठ्या इस्पितळात पाठवत आले होते. काकूंनाही घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते मला कळलं शेजारच्या घड्याळवाल्यांमुळे. ते आमच्या दुकानात चहाला यायचे. मालकांनी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं.

"मला बाजूला घेऊन सांगितलं त्यांनी. मधली नजर जाणार. हळूहळू, पण जाणार. कडेचं दिसेल, समोरचं नाही. औषध नाही यावर."

"मग वहिनींना सांगितलंत?"

"सांगितलं की बारीकसा डाग आहे आणि तो वाढायचा थांबलाय."

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. "सांगून टाका हो. त्या काही लहान मूल नाहीत."

"पुढच्या महिन्यात सांगतो," मालक म्हणाले.

तो महिना उगवलाच नाही. काकूंना दर काही दिवसांनी वाटायचं, आपला नंबर पुन्हा काढावा. त्या खुर्चीत येऊन बसायच्या, मी त्यांच्या नाकावर असायची. मित्रांनो, आता मी जे सांगते ते फक्त मलाच ठाऊक होतं. त्या येण्याआधी मालक खुर्ची रेघेच्या थोडी पुढे सरकवून ठेवायचे. दर वेळी आणखी थोडी पुढे. मागच्या वेळी जी ओळ वाचता आली तीच ओळ काकू पुन्हा वाचायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "म्हणजे तसाच आहे की हो!"

"तसाच आहे. उगीच घाबरतेस तू."

मी नाकावरून तक्ता जवळ आलेला बघत होते. मला तोंड नाही. असतं तर त्या माणसाच्या प्रेमापुढे मी ते उघडलं असतं का, कोण जाणे.

काकूंची एक मोठी बहीण होती, लांबच्या गावी एकटी राहणारी. काकू तिला ताई म्हणायच्या. ताई सारखी बोलवायची, "एकदा येऊन जा गं, तोंड तरी दाखव." काकू निघायचं म्हणायच्या. पण काकूंचं चाकावरचं काम सुटल्यापासून काच घासायचं कामही मालकांवरच पडलं होतं. दुकान बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. "पुढच्या वर्षी जाऊ. तुझे डोळे काही पळून चाललेले नाहीत," ते म्हणायचे. काकूंना ते पटायचं. तसाच तर आहे नंबर!

पुस्तकाची अक्षरं मात्र दिसेनाशी झाली. तेव्हा मालकांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं खाली ओढायचं आणि काकूंना वाचून दाखवायचं. ज्या माणसाने आयुष्यात कादंबरी हातात धरली नव्हती, तो अडखळत, घसा खाकरत वाचू लागला. वर्णनं आली की गुपचूप पानं उलटायचा. काकू डोळे मिटून ऐकायच्या. त्या तासाइतकं गोड आमच्या दुकानात दुसरं काही नव्हतं.

काकूंची सगळ्यात आवडती लेखिका म्हणजे एक फार मोठं नाव. तिची नवी कादंबरी आली तेव्हा काकूंनी ती पहिल्याच दिवशी मागवून घेतली. गोष्ट एका भावा-बहिणीची होती. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटतं. वर्षानुवर्षं भाऊ म्हणत राहतो, जाऊ कधीतरी, आणि एके दिवशी खरंच निघतो. शेवटचं पान आलं तेव्हा मालक मधेच थांबले. मनाशी वाचलं. चष्मा काढून पुसला. मग पुस्तक तसंच समोर धरून म्हणाले, "तो दार वाजवतो. बहीण दार उघडते. त्याच्याकडे बघत राहते आणि म्हणते, किती वाळलास रे. मग दोघं पायरीवर बसून बोलत राहतात. संपलं."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बघा," त्या म्हणाल्या, "वेळ असतो माणसाला."

मालकांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

मग तो दिवस आला. दुपार कलली होती. आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई घाईघाईने आत आल्या. हातात चष्म्याचे दोन तुकडे.

"यावरच बसले हो मी! संध्याकाळी वाचनालयात चार शब्द बोलायचेत आणि कागद दिसत नाही. आत्ताच्या आत्ता होईल का काही?"

"नंबर काढू, लगेच करून देतो. बसा."

मी त्यांच्या नाकावर गेले. नाक टोकदार, माणूस बोलका. लांबचा नंबर चटकन निघाला. जवळच्यासाठी मालकांनी नेहमीचं वाचायचं कार्ड पुढे केलं.

"हे कुणी लिहिलंय?" बाईंनी नाक मुरडलं. "दोन ओळींत झोप येईल. दुसरं काही नाही का?"

मालक हसले. त्यांनी मागे हात घालून फळीवरचं हाताला लागेल ते पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. बाई क्षणभर थबकल्या. मग गालात हसून घडाघडा वाचू लागल्या. मालकांनी भिंग बदललं, तरी वाचणं चालूच. त्यांनी मुद्दाम चुकीचं भिंग घातलं. त्यातून मला स्वतःला धुकं दिसत होतं. बाई अडखळल्या नाहीत.

"बाई, तुम्ही वाचत नाही आहात. पाठ म्हणताय."

"चोरी पकडलीत!" त्या मोठ्याने हसल्या. "काय करू, मीच लिहिलंय हे."

मालकांनी पुस्तक उलटून मागचा फोटो पाहिला. फोटोत लांब वेणी होती, पण नाक तेच होतं. त्यांनी पुस्तक फोटो खाली करून टेबलावर ठेवलं. काकूंना हाक मारायची, असं वचन होतं. त्यांनी हाक मारली नाही. उलट आवाज खाली आणला. "बरं, आता हे भिंग बघू या…"

पण काकूंनी हसू ऐकलं होतं. आतल्या दारातून, काउंटरच्या कडेवरून हात फिरवत त्या बाहेर आल्या.

"अहो, कोण आलंय?"

"कुणी नाही गं, गिऱ्हाईक आहे. तू जरा चहा टाकतेस का?"

"चहा नंतर. काय म्हणाल्या त्या? मीच लिहिलंय म्हणाल्या ना?" काकूंचा चेहरा असा उजळला होता की तो मी कधी विसरणार नाही. "बाई, तुम्ही? खरंच तुम्ही?"

लेखिका संकोचून उठल्या. काकूंनी अंदाजाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं भडाभडा बोलू लागल्या. कुठलं पुस्तक कुठल्या दुखण्यात वाचलं, कुठल्या पानावर स्वयंपाक करपला. लेखिका मनापासून ऐकत होत्या. मालक कपड्याने एकच भिंग पुसत राहिले.

"आणि ही नवी कादंबरी! हे वाचून दाखवतात मला. शेवटी बहीण दार उघडते आणि म्हणते ना, किती वाळलास रे, तिथे मी इतकी रडले! कसं सुचलं हो तुम्हाला?"

"कोण म्हणतं?" लेखिकांनी विचारलं.

"बहीण. भावाला."

"नाही हो." लेखिका सहज बोलून गेल्या. "हे वाक्य माझं नाही. माझ्या गोष्टीत तर…" आणि त्यांची नजर मालकांकडे गेली. मालकांचा चेहरा पाहून त्या तिथेच थांबल्या. पण सुटलेला शब्द परत येत नव्हता.

काकूंनी त्यांचे हात सोडले. "खरा शेवट काय आहे?"

"जाऊ द्या ना. वाक्य चांगलं आहे ते. मला सुचायला हवं होतं."

"बाई, मी तुमची सगळी पुस्तकं वाचलीत. मला सांगा."

लेखिकांनी हळू आवाजात सांगितलं. भाऊ पोचतो तेव्हा दाराला कुलूप असतं. शेजारीण किल्ली आणून देते. बहीण गेल्याच आठवड्यात गेलेली असते. तो एकटा घरभर फिरतो, ज्या घरासाठी भांडला त्या घरात.

काकू काउंटरला धरून उभ्या होत्या. मग आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "अहो, आणखी काय काय बदललंत?"

"अगं, काही नाही. कुठे एखादं पान…"

"माझा नंबर?"

मालकांच्या हातातलं भिंग टेबलावर पडून गोल गोल फिरत राहिलं.

लेखिका पर्स उचलून निघू लागल्या. काकूंनी त्यांना थांबवलं. "बसा बाई. तुमचा चष्मा व्हायचाय. संध्याकाळी तुम्हाला वाचायचंय." आणि त्या स्वतः आत गेल्या. मालकांनी कसाबसा चष्मा तयार केला. दाराशी लेखिका त्यांना म्हणाल्या, "मी गप्प बसायला हवं होतं."

"नाही बाई," मालक म्हणाले. "गप्प मीच बसायला नको होतं."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. काकू बाहेर आल्या, खुर्चीपाशी वाकल्या, हाताने चाचपत खुर्चीचे पाय शोधले. मग म्हणाल्या, "ही रेघेवर ठेवा."

मालकांनी खुर्ची मागे ओढली. फरशीवर तिचा करकर आवाज किती वेळ येत राहिला! एवढी पुढे आली होती ती. काकू बसल्या. मी त्यांच्या नाकावर गेले. एकेक भिंग आलं आणि गेलं.

"ही ओळ?"

"नाही."

"त्याच्या वरची?"

"काहीतरी काळं आहे."

"सगळ्यात वरचं मोठं अक्षर?"

"तिरकं बघितलं की दिसतं. सरळ बघायला गेलं की जातं." काकूंनी मला नाकावर नीट बसवलं. "पुढचं भिंग घाला."

"पुढे भिंग नाही," मालक म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. इस्पितळ, डॉक्टर, डाग. काकूंनी एकच विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"तेव्हा मला ताईचा चेहरा दिसला असता."

त्या रागाने ओरडल्या असत्या तर मालकांना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. मला नाकावरून काढून त्यांनी माझ्या काड्या मिटल्या आणि पेटीत नीट ठेवलं.

त्याच आठवड्यात दोघं ताईकडे गेली. दुकानाला कुलूप लागलं. परत आल्यावर घड्याळवाल्यांनी विचारलं, "भेट झाली ना वहिनी?"

"झाली," काकू म्हणाल्या. "ताईचे कान दिसले, केस दिसले, खांद्यावरचा पदर दिसला. मधे चेहरा होता तिथे काही नव्हतं. हाताने बघितला मी. ती विचारत होती, फार म्हातारी झाले का गं मी? मी म्हटलं, नाही, आहेस तशीच आहेस." मग मालकांच्या आवाजाच्या दिशेला मान वळवून म्हणाल्या, "मीसुद्धा खोटंच बोलले. पण ते खोटं तिला तिच्या आरशात तपासता येतं."

वाचन थांबलं नाही. काकूंनी तीच कादंबरी पुन्हा काढायला लावली. "पहिल्यापासून. आणि एकही शब्द गाळायचा नाही." मालक वाचू लागले. गाळलेली वर्णनं आता आली. भावा-बहिणीच्या लहानपणाचं एक अख्खं प्रकरण आलं, जे मालकांनी पूर्वी एका दमात ओलांडलं होतं. कुलपाचं पान आलं, तेही त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. काकू ऐकत होत्या. डोळे मिटलेले नव्हते. आवाज कुठे खोटा पडतो का, याकडे त्यांचे कान लागले होते. ती दुपारची गोडी मात्र पुन्हा आली नाही.

आणि एक गोष्ट झाली. काकूंनी पुन्हा कधी मालकांकडून डोळे तपासून घेतले नाहीत. दोन गल्ल्या सोडून एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. काकू तिथे जातात. मालक त्यांना हाताला धरून नेतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात, इतर नवरे बसतात तसे. साऱ्या गल्लीचे डोळे ज्याने तपासले, त्या माणसाला आत यायची परवानगी नाही.

आमच्या दुकानातही आता नंबर काढायचं यंत्र आलंय. त्यात हनुवटी टेकवली की आकडे आपोआप येतात. माझी पेटी कपाटात गेली, तिच्या आतल्या मखमलीला कसर लागली. माझा नाकावरचा स्क्रू गंजलाय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. परवा घड्याळवाल्यांनी मालकांना विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? वहिनींचं कसं आहे?"

मालक कपाटाच्या काचेपाशी, माझ्या समोरच उभे होते. "ती बाहेर येते आणि म्हणते, तसंच आहे, काही बदल नाही," ते म्हणाले. "दर वेळी तेच म्हणते. आता ते खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळत नाही. आणि विचारायचं तोंड मला उरलेलं नाही."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका. पण ज्या माणसावर तुमची माया आहे, त्याच्या वाट्याचं खरं त्याला वेळेत सांगा. त्याला त्या वेळात कुणाचा तरी चेहरा बघायचा असतो.